मामंजीच्या नावाचं बिल

नमस्कार मंडळी. जेवणं आटोपली असतील. आज छपरावरच्या सोलरबद्दल बोलू, पण आधी आमच्या काकूची गोष्ट. तिच्याशिवाय मला हा विषय सांगताच येत नाही.

काकू दारव्हा तालुक्यातली. दोन खोल्या, वर टिन, रोजमजुरी. सोलरचा फॉर्म भरायला गेली. कॉम्प्युटरवरच्या पोरानं विचारलं, "मावशी, हे बिल कोणाच्या नावानं हाय?"

"माह्या मामंजीच्या."

"मंग त्याइले घेऊन या."

"कसे आणू बापा? पंधरा वर्षं झाली त्याइले जाऊन!"

सारी लाइन हसली. काकू थांबते होय? म्हणे, "जितेपणी एक बिल भरलं नाही त्याइनं, अन् कागदावर अजून तेच मालक!"

घरी येऊन तिनं पेटी उपसली. मृत्यूचा दाखला सापडला, मिठाच्या पिशवीत गुंडाळलेला, कोपरा उंदरानं कुरतडलेला. ग्रामपंचायतीत वारसाची नोंद केली, घराच्या नोंदीचा नमुना आठ काढला, वीज कार्यालयात तीन चकरा मारल्या. नवीन बिल हाती आलं तेव्हा नावावरून बोट फिरवलं अन् म्हणाली, "एवढं बारीक काऊन लिवलं?"

तर मंडळी, बिल ज्याच्या नावाचं, अर्ज त्याच्याच नावाचा. पुन्हा सांगतो: आधी बिलावरचं नाव पाहा. आजोबांचं असेल तर ते काम पहिलं.

आता पैशाचं. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार रुपये अनुदान आहे, तीन किलोवॅटला 78 हजार. दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याच्या स्मार्ट योजनेतून वर साडेसतरा हजार. एक किलोवॅटचा खर्च 50 हजार धरला, तर घरचे अडीच हजार. एक किलोवॅट म्हणजे महिन्याला साधारण 120 युनिट. पंखा, टीव्ही, चार दिवे आरामात निघतात. बिलातला स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, वीज वापरा की नका वापरू. आणि कोणी "आधी पैसे द्या, मंजुरी आणतो" म्हणालं, तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

जागा लागते साधारण शंभर चौरस फूट, सावली नसलेली. पण सावली पडते म्हणून दारचा लिंब तोडू नका बुवा. पॅनल दोन हात सरकवता येतं. रस्ते रुंद करताना आधीच किती झाडं गेली, यवतमाळकडे येताना बघवत नाही. आणि नवतपात, मे अखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, कुठं बसणार, पॅनलखाली? तसंही पॅनल फार तापलं की वीज कमीच बनते. धूळ पुसा, तीही सकाळी, गार असताना.

एक राहिलं. बॅटरी नसेल तर गावची लाइन गेली की हे सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. काकूला सांगितलं, तर म्हणाली, "मंग कंदील ठेवतो मी."

खुंटीला अजून आहे तो. काच पुसलेली.