परसातली वेधशाळा

(दृश्य: मे महिन्यातलं रान. जमिनीला पडलेल्या भेगा, अगदी जवळून.)

दुर्बिणीचं काम जमिनीपासून सुरू होतं, आणि आमच्या हिंगोलीकडची जमीन म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. या मातीवर नुसता कोबा करून दुर्बीण उभी केली, तर दिवाळीत ध्रुवाकडे रोखलेला अक्ष होळीपर्यंत भलतीकडेच वळलेला असतो. म्हणून घरामागच्या परसात, गोठ्याच्या पलीकडे, मुरूम लागेपर्यंत खड्डा घेतला. गवंडीमामांनी एकदाच विचारलं, "पाण्याची टाकी बसवायची का वर?" दुर्बीण म्हटल्यावर त्यांनी सळई आणखी जाड घ्यायला लावली.

मुरमात बसलेला सळईचा पिंजरा, त्यात काँक्रीट, आणि वर आलेला हा फूटभर जाडीचा खांब. याला पिअर म्हणतात. खोलीची फरशी त्याला कुठेच टेकलेली नाही. भोवती बोटभर फट आहे आणि फटीत थर्माकोल. कुणी खोलीत चाललं तर हादरा फरशीतच राहतो.

(दृश्य: रात्र. स्थिर कॅमेऱ्यात सरकणारे तारे.)

एवढा सोवळा खांब कशासाठी? पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. आमची दुर्बीण ८० मिलिमीटर भिंगाची, नाभीय अंतर ४८० मिलिमीटर. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा १.६ विकला एवढा तुकडा झाकतो. म्हणजे मोटर थांबली की सेकंदभरात तारा नऊ पिक्सेल पुढे जातो. आम्ही एकेक फोटो पाच मिनिटांचा घेतो आणि तेवढा वेळ तारा जागच्या जागी धरून ठेवायचा असतो. हे काम माउंटचं, म्हणजे खांबावर बसून दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या मोटरच्या बैठकीचं. खर्चाला हात आखडता घ्यायचा असेल तर दुर्बीण लहान घ्या, माउंटमध्ये काटकसर करू नका, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी रुपये. प्रोटॉनहूनही बारीक हालचाल तिथे मोजायची आहे. त्यांच्यापुढे आमचा खांब तो केवढा! पण जमीन स्थिर हवी ही गरज दोघांची एकच, आणि मला या शेजाराचा फार अभिमान आहे.

(दृश्य: भिंतींची उंची दाखवत फिरणारा कॅमेरा. उत्तरेला ध्रुव.)

ध्रुवतारा आकाशात आपल्या अक्षांशाएवढा वर दिसतो. आमच्याकडे साधारण साडेएकोणीस अंश. अशा लहान वेधशाळेचं अख्खं छप्पर रुळावरून बाजूला सरकतं. युरोपातल्या वेधशाळांचे नकाशे बघाल तर छप्पर उत्तरेला सरकवलेलं दिसेल, कारण त्यांचा ध्रुव पन्नास अंशांवर असतो, छपरामागे जात नाही. आमचा गेला असता. म्हणून आमचं छप्पर पश्चिमेला सरकतं. तिकडे गळीत हंगामात साखर कारखान्याचा उजेड क्षितिजावर चढतो, तोही छपराआड जातो.

दक्षिणेची भिंत मात्र सगळ्यात बुटकी ठेवली, कमरेइतकी. त्यामागे लोभ आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. आमच्या परसातून तो तेवीस अंश वर येतो. १७,००० प्रकाशवर्षांवर सुमारे कोटभर ताऱ्यांची दाटी. एप्रिलमध्ये मध्यरात्री तो बरोबर दक्षिणेला असतो, आणि एप्रिलच्या कोरड्या रात्री मराठवाड्याला भरपूर मिळतात. एवढं दक्षिणेकडचं आकाश पदरात पडलेलं असताना भिंत उंच बांधणं मला पटलं नाही.

(दृश्य: नांदेडच्या खोलीतला लॅपटॉप. पडद्यावर परसातल्या कॅमेऱ्याचं चित्र.)

मी नोकरीला नांदेडला. गावी आई आणि दादा. आठवडाभर आकाश निरभ्र असतं आणि मी तिथे नसतो. आपोआप चालणारी वेधशाळा करायची ती त्यासाठी.

फोटो आपोआप काढणं आता अवघड राहिलेलं नाही. नीना, पीएचडी-२, अ‍ॅस्टॅप ही सगळी सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि मनापासून बनवलेली आहेत. सूर्य मावळल्यावर सव्वा तासाने आकाश पुरतं अंधारतं, तेव्हा खांबाजवळचा छोटा संगणक काम सुरू करतो. दुर्बीण अंदाजाने वळते, एक फोटो घेते. त्यातल्या ताऱ्यांची मांडणी अ‍ॅस्टॅप आपल्या यादीशी जुळवून बघतं आणि सांगतं, तुम्ही ठरल्या जागेपासून इतक्या कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बाजूला आहात. दुर्बीण सरकते, पुन्हा फोटो, पुन्हा जुळवणी, आणि देवयानी दीर्घिका चौकटीच्या मधोमध येते. दुसरा छोटा कॅमेरा एकाच ताऱ्यावर नजर ठेवून दर दोन सेकंदांनी माउंटला सावरतो.

थंडीत एक काम वाढतं. आमच्याकडे दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा, हा फरक नेहमीचा. नळी आकसते आणि फोकस हलतो. फोकसरची मोटर तासाभराने पुढे-मागे जाऊन ताऱ्याचा ठिपका कुठे सगळ्यात लहान होतो ते शोधते. वस्तू यामोत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून पश्चिमेला गेली की माउंट दुर्बिणीला पलीकडच्या बाजूला घेतो. हे सगळं मी झोपेत असताना होतं.

(दृश्य: छपराची चाकं रुळावर. मोटरच्या दातेरी पट्टीचा आवाज.)

आपोआप मिटणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती विकत मिळत नाही, आपल्या गावाप्रमाणे बांधावी लागते. आमचा निम्म्याहून जास्त वेळ तिच्यावरच गेला.

छप्पर पत्र्याचं, अँगलच्या रुळावर चालणारं, वेल्डरने गावातच जोडलेलं. ओढायला सरकत्या गेटची मोटर. उघडण्या-मिटण्याचा हुकूम एका छोट्या कंट्रोलरकडे आहे, संगणकाकडे नाही. संगणक अडकतो, अपडेट मागतो. कंट्रोलरला फक्त तीन गोष्टी कळतात: ढग, पाऊस आणि वीजपुरवठा.

ढगांसाठी कोरोनात कपाळाकडे रोखायचे त्या जातीचा इन्फ्रारेड सेन्सर आकाशाकडे रोखला आहे. निरभ्र आकाश हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी थंड भरतं. ढग आला की हा फरक झपाट्याने कमी होतो. अवकाळीच्या दिवसांत फरक निम्म्यावर आला की छप्पर मिटायला निघतं, पहिल्या थेंबाची वाट बघत नाही. पावसाचा सेन्सर म्हणजे तांब्याच्या रेघांची पाटी. थेंब पडला की दोन रेघा जोडल्या जातात. पहाटेच्या दवालाही ती पाऊस समजते, म्हणून तिला खालून हलकी ऊब दिली आहे.

आणि वीजपुरवठा. रब्बीत शेतीला रात्रपाळीची थ्री फेज येते. दादा आणि भोवतालचे शेतकरी मध्यरात्री गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला जातात. मोटारी एकदम सुरू झाल्या की गावठाणातही व्होल्टेज खाली बसतं. कधी डीपीच जळते. म्हणून वेधशाळेतली कुठलीच वस्तू थेट लाइनवर नाही. माउंट, कॅमेरा, संगणक, दव न धरू देणारे हीटर मिळून सत्तर-ऐंशी वॅट घेतात. दहा तासांच्या रात्रीला सात-आठशे वॅट-तास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी निम्मीही न उतरता एवढं देते. छपराच्या मोटरला निराळी बॅटरी, आणि तिच्यावर दुसरं काहीही जोडायचं नाही हा घरातला नियम आहे.

(दृश्य: माउंटच्या बाजूचं लोहचुंबक आणि बोटाएवढा रीड स्विच.)

हे बघा. दुर्बीण आडवी झाली, म्हणजे पार्क झाली, की हे चुंबक या स्विचसमोर येतं आणि तेव्हाच स्विच जोडला जातो. मोटरची तार या स्विचमधूनच जाते. दुर्बीण उभी असेल तर कुणीही, कुठल्याही सॉफ्टवेअरने, छप्पर तिच्यावर आदळवू शकत नाही. मग दुर्बीण उभीच अडकली आणि पाऊस आला तर? तेव्हा नांदेडला माझा फोन वाजतो आणि घरी आईचा.

(दृश्य: आई. हातात किल्ली.)

आईने हे शिकून घेतलं आहे. माउंटचे दोन खटके सैल करायचे, दुर्बीण हाताने हळूच आडवी करायची, मोटरचा क्लच किल्लीने सोडायचा, छप्पर लोटायचं. किल्ली दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असते. बऱ्याचदा सेन्सरच्या आधी तिचाच फोन येतो. "बाबा, आभाळ भरून आलंय इकडं. लोटू का?" वाऱ्याची दिशा आणि मातीचा वास ओळखणारं माणूस घरात आहे, याला मी या यंत्रणेचा भाग मानतो आणि तो भाग सगळ्यात भरवशाचा आहे.

(दृश्य: लिमिट स्विचच्या खोबणीत चिखलाचं घरटं.)

ही कुंभारीण माशीची करामत. बोटाएवढी पोकळी दिसली की ती मातीचं घर बांधते. छप्पर पूर्ण मिटलं हे सांगणाऱ्या स्विचचा दांडा त्यात अडकतो आणि मोटरला थांबायचं कळत नाही. आता स्विचवर बारीक जाळी आहे, आणि पंख्याच्या झरोक्यांवरही. केबलला उंदरांसाठी लोखंडी नळी.

वळवाच्या विजा हा वेगळा विषय. मराठवाड्यात मे-जूनमध्ये वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, तिथे यंत्राचं काय? खांबाला आणि पत्र्याला चांगलं अर्थिंग आहे. घरापासून इथपर्यंत नेटवर्कची तांब्याची तार न टाकता फायबर टाकलं, कारण काचेतून विजेचा झटका येत नाही. आणि मृगाच्या आधी सगळं सोडवून, भिंगं सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. चार महिने दमट हवेत ठेवलेल्या भिंगावर बुरशी जाळं विणते, आणि ते कायमचं असतं.

(दृश्य: एक कच्चा फोटो, जवळपास काळा. मग हळूहळू उजळत जाणारा मृगातला तेजोमेघ.)

एक कच्चा फोटो ५२ मेगाबाइटचा, रात्रीचे पाच गिगाबाइट. मोबाइलच्या नेटवर एवढं पाठवत नाही. नांदेडला फक्त छोटी झलक येते, बाकी शनिवारी डिस्कवर घेऊन जातो. शंभर फोटो एकावर एक रचले की चित्राचा खरखरीतपणा दहापट कमी होतो. सिरिल नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. उन्हाळ्यात कॅमेऱ्यातला कूलर त्याला उणे दहापर्यंत थंड करू शकत नाही, मे महिन्यात शून्यावर समाधान मानतो. मग वजा करायचे डार्क फोटोही, म्हणजे झाकण लावून घेतलेले काळे फोटो, शून्याचेच वेगळे घ्यावे लागतात.

(दृश्य: उत्तर मुकुट. एका साध्या ताऱ्याभोवती वर्तुळ.)

सुंदर फोटो आवडतातच. पण ज्याने मला खरं झपाटलं तो हा ठिपका, टी कोरोनी बोरिअ‍ॅलिस. एरवी दहाव्या प्रतीचा, डोळ्यांना न दिसणारा. १८६६ मध्ये आणि पुन्हा १९४६ मध्ये तो भडकला, जवळपास ध्रुवताऱ्याच्या तोडीचा झाला आणि काही दिवसांतच पुन्हा फिका पडला. पुढच्या भडक्याकडे जगभरचे निरीक्षक डोळे लावून बसले आहेत. तो आमच्या जवळपास डोक्यावरून जातो. आमच्या दुर्बिणीला त्याची नोंद घ्यायला काही सेकंद पुरतात. म्हणून जानेवारीपासून, तो पहाटे पूर्वेला पुरेसा वर आला की, चालू असलेलं काम थांबवून यंत्रणा त्याचे फोटो घेते, शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी त्याची तेजस्विता ताडून बघते आणि आकडा मला पाठवते. एका ठरावीक आकड्यापेक्षा तो उजळ निघाला, तर पावसाला वाजतो तोच गजर वाजेल. आईच्या फोनवरसुद्धा.