वांग्यावर कोण बोलणार?

जळगाव भागात हिवाळा आला की शेतावर भरीत पार्ट्या सुरू होतात. हिरवट पांढरी, हातात मावणार नाहीत एवढी वांगी घ्यायची, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढायची, मग लाकडी बडगीत मिरची लसणासोबत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची. आता या जाळाकडे जरा नीट बघा. खाली जळतेय ती बीटी कपाशी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेली, कारण आज आपल्याकडची जवळपास सगळी कपाशी बीटीच आहे. वर भाजतंय ते वांगं मात्र बीटी नाही. कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा देशात कोणी गावोगावच्या लोकांना बोलावून विचारलं नव्हतं. वांग्याच्या वेळी विचारलं. आणि तिथूनच सगळं बदललं.

आधी अळीचं बघू, कारण अळी समजल्याशिवाय शेतकऱ्याचा त्रास कळत नाही. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. पतंग झाडावर अंडी घालतो, बारीक अळी बाहेर पडते आणि लगेच कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात घुसते. आत जायचं भोक इतकं बारीक असतं की ते भरून येतं, वांगं बाहेरून चकचकीत दिसतं आणि घरी चिरल्यावर आत काळं पडलेलं, त्यात गुलाबीसर अळी. एकदा ती आत गेली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून मग शेतकरी घाबरून आधीच फवारतो, परत फवारतो, तोड्याच्या तोंडावरही फवारतो, आणि तेच वांगं बाजारात येतं.

यावर जालन्याच्या महिको कंपनीनं बीटी वांगं आणलं. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू, त्याचं एक जनुक वांग्यात घातलं की झाड स्वतःच एक प्रोटीन तयार करतं, ते अळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याला भोकं पडतात. कंपनीचं म्हणणं होतं की अळीचं पोट वेगळं, माणसाचं वेगळं, आपल्या पोटातल्या ॲसिडमध्ये हे प्रोटीन पचून जातं. धारवाड आणि तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठांनीही त्यांच्याकडच्या स्थानिक वाणांमध्ये हे जनुक आणलं, त्यात आपलं मांजरी गोटासुद्धा होतं.

१४ ऑक्टोबर २००९. अशा पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या जीईएसी या कमिटीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. भारतातलं पहिलं जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, खाद्यपीक येणार हे जवळपास ठरलं होतं. पण पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही केली नाही. त्यांनी कमिटीचा रिपोर्ट सगळ्यांसाठी खुला केला, सूचना मागवल्या आणि जानेवारी २०१० मध्ये स्वतः फिरायला निघाले. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद, बंगळूर. सात शहरं, जवळपास ८ हजार लोक.

नागपूरची सभा आपल्यासाठी महत्त्वाची, कारण विदर्भानं बीटी कपाशी तोपर्यंत सात-आठ वर्षं शेतात बघितली होती. इथला शेतकरी ऐकीव बोलत नव्हता, त्याला बियाण्याचा खर्च माहिती होता, कुठली अळी मेली आणि कुठली कीड वाढली तेही माहिती होतं. हे ज्ञान कुठल्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये नसतं हो, आणि मला वाटतं अशा सभा घ्यायचं खरं कारण हेच आहे. लोक नुसते हो किंवा नाही म्हणायला येत नाहीत, त्यांच्याकडे माहिती असते.

या सभांमध्ये आरडाओरडा झाला, घोषणा झाल्या, काही ठिकाणी मंत्र्यांवरही लोक चिडले. हे सगळं खरंय. पण त्या गोंधळात विचारले गेलेले प्रश्न बघा. टेस्ट कोणी केल्या? कंपनीनं स्वतः. उंदरांवर किती दिवस? ९० दिवस. मग वर्षानुवर्षं खाल्लं तर काय, हे कोणी तपासलं? वांग्याचं मूळ भारतातलं, इथे त्याचे शेकडो वाण आहेत, परागकण शेजारच्या शेतात गेले तर त्या वाणांचं काय? आणि ज्याला बीटी नको त्यानं बाजारात ते ओळखायचं कसं, वांग्याला काय लेबल लावणार? यातला एकही प्रश्न अडाणी नाही. डॉ. पी. एम. भार्गवांसारखे शास्त्रज्ञही टेस्ट अपुऱ्या आहेत असंच म्हणत होते.

शिवाय हे प्रश्न विचारता आले कारण डेटा हातात होता, आणि तो काही आपोआप मिळाला नव्हता. माहिती अधिकारात अर्ज करावा लागला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा कुठे २००८ मध्ये सुरक्षेच्या चाचण्यांची माहिती लोकांसमोर आली.

९ फेब्रुवारी २०१० ला बीटी वांग्याला स्थगिती जाहीर झाली. रमेश यांनी कारणं लिहून दिली, निर्णय विज्ञानाशी जबाबदार आणि समाजाला प्रतिसाद देणारा हवा असं मांडलं. त्याच वर्षी जीईएसीच्या नावातला एक शब्द बदलला, ती 'मंजुरी' देणारी कमिटी होती, ती 'मूल्यमापन' करणारी झाली.

बरेच शास्त्रज्ञ नाराज झाले, भावनेच्या भरात विज्ञान हरलं असं म्हणाले. मग सरकारनं देशातल्या सहा मोठ्या विज्ञान अकादमींना मत विचारलं. सप्टेंबर २०१० मध्ये रिपोर्ट आला आणि त्यातला काही मजकूर दुसऱ्या एका लेखातून जशाच्या तसा उचललाय हे उघड झालं, नवीन रिपोर्ट द्यावा लागला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण लोकांचा विज्ञानावरचा विश्वास सभांमधल्या घोषणांनी जात नाही, तो अशा गोष्टींनी जातो.

एक प्रोटीन विषारी आहे की नाही हे हात वर करून ठरत नाही, ते लॅबमध्येच ठरणार. पण कुठली टेस्ट करायची, किती दिवस करायची, पैसा कोणाचा आणि धोका कोणाच्या ताटात, हे ठरवताना खाणारा आणि पिकवणारा दोघंही खोलीत पाहिजेत.

आणि पिकवणारे सगळे एका बाजूला नाहीत, हेही सांगितलंच पाहिजे. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेचे शेतकरी जमले आणि मंजुरी नसलेलं कपाशीचं जीएम बियाणं त्यांनी उघडपणे पेरलं. तेव्हाच्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, हे माहिती असून. त्यांचं म्हणणं साधं होतं, बांगलादेशचा शेतकरी २०१४ पासून बीटी वांगं लावतोय, आम्हाला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य का नाही? शहरात बसून 'लोकांना जीएम नको' म्हणणाऱ्यांनी हा आवाजही तेवढ्याच मनापासून ऐकायला हवा, तो नागपूरच्या सभेइतकाच लोकांचा आवाज आहे.

२३ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टात जीएम मोहरीवर निकाल आला, दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. सरकारनं जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण करावं, आणि ते करताना शेतकऱ्यांशी, तज्ज्ञांशी, राज्यांशी बोलावं.

ते बोलणं सुरू होईल तेव्हा सात शहरांच्या हॉलमध्ये होऊन भागणार नाही. चाचण्यांचे कागद मराठीत हवेत, सभेच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीत वाचायला ठेवलेले हवेत, आणि सभा तोड्याच्या दिवशी ठेवू नका, त्या दिवशी वांगीवाला पहाटे चारपासून शेतात असतो.