शीर कुठे गेली?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड. गुलाबी-जांभळा रंग. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

ही धमनी. गोल, जाड भिंतीची, मधोमध बारीकसं छिद्र. मोठ्या आतड्याभोवतीच्या चरबीत अशा धमन्या जागोजागी असतात, आणि शेजारी बहुधा एक शीर असतेच. इथे ती दिसत नाही. तिच्या जागी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचा पुंजका आहे. त्याची कड गुळगुळीत, जणू कुणी साच्यात ओतलाय.

पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी-ऊती तपासून रोगनिदान करणारे डॉक्टर, हिला 'अनाथ धमनी' म्हणतात. ती दिसली की स्लाइड सरकवणारा हात थांबतो.

[दृश्य: आतडं आणि यकृत यांचं रेखाचित्र. निळ्या रेषा वर सरकतात.]

धमनीची भिंत जाडजूड, ती सहसा दाद देत नाही. शिरेची पातळ. शिवाय आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून थेट यकृतात जातं. शिरेत घुसलेली पेशीही त्याच वाटेला लागते. म्हणून हा कर्करोग पसरला, की बहुतेकदा आधी यकृतात सापडतो. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग; त्याच्या खालच्या टोकाच्या काही शिरा मात्र यकृताला वळसा घालून हृदयाकडे जातात. तिथून पुढचा मुक्काम फुप्फुसांत.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात शस्त्रक्रियेत काढलेले गुदाशयाच्या कर्करोगाचे ७०३ नमुने पुन्हा तपासले गेले. निष्कर्ष १९८० मध्ये छापून आले. जवळपास ५२ टक्के नमुन्यांत कर्करोग शिरांमध्ये शिरला होता. आतड्याच्या भिंतीबाहेरच्या, जाड शिरांपर्यंत तो पोचलेला असेल, तर त्या रुग्णांचं पुढचं चित्र फारच वाईट होतं.

मग आजवर सगळ्यांना हे असंच सापडत आलं असेल? नाही. कुठल्या अभ्यासात दहा टक्के, तर कुठल्या नव्वद! आजार तोच, आतडं तेच. फरक पडतो तो बघण्यात.

[दृश्य: प्रयोगशाळा. फॉर्मलीनमधला नमुना, सुरी, मेणाचे ब्लॉक.]

गाठीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, दोनच घेतले, तर शीर हुकते. चार-पाच तरी हवेत. एकेका ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा काप निघतो. त्यावर रोजचा एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन) रंग चढतो. पण गाठीनं गच्च भरलेली शीर या रंगात ओळखू येणं कठीण. पेशी तिची भिंतच खाऊन टाकतात, आणि उरतं ते साध्या गाठीसारखं दिसतं.

इथे एका डोळ्यांच्या डॉक्टरची मदत होते. बॉस्टनच्या फ्रेडरिक व्हेरहॉफ यांनी १९०८ मध्ये लवचिक तंतूंसाठी एक रंग दिला: हिमॅटॉक्सिलिन, फेरिक क्लोराइड आणि आयोडीन. या रंगात लवचिक तंतू काळे दिसतात.

[दृश्य: तीच जागा, नव्या रंगात. पुंजक्याभोवती काळी, तुटक कडी.]

बघा. शीर इथेच होती. तिच्या भिंतीतले तंतू अजून शिल्लक आहेत.

हा रंग सगळीकडे सरसकट वापरला जात नाही. वेळ लागतो, खर्च लागतो. पण नुसत्या एच अँड ईवर 'आढळलं नाही' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ 'नाही' असा घेऊ नये, असं आम्हाला वाटतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सनं तर उलटा हिशेब मांडलाय: शस्त्रक्रियेच्या किमान ३० टक्के नमुन्यांत भिंतीबाहेरच्या शिरेतला शिरकाव सापडायला हवा. त्याहून कमी सापडत असेल, तर आधी आपली पाहण्याची पद्धत तपासा.

अहवालातल्या एका ओळीसाठी एवढी यातायात का? लसिकाग्रंथींत कर्करोग न पोचलेल्या, आजाराच्या दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी द्यायची की नाही, हा प्रश्न अवघड असतो. बहुतेकांना तिची गरज नसते. हा शिरकाव सापडला, तर डॉक्टर रुग्णाला समोर बसवून केमोचा विषय काढतात.

[दृश्य: टेबलावर छापील अहवाल. बोट एका ओळीवर थांबतं.]

'भिंतीबाहेरच्या शिरेत शिरकाव: आहे.'