सॉगसची भट्टी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत बोस्टनच्या उत्तरेला, सॉगस नदीच्या काठी मळीचा, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या टाकाऊ भागाचा, एक मोठा ढीग आजही पडलेला आहे. हॅमरस्मिथ नावाच्या लोखंडाच्या कारखान्याची ती मळी. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या गव्हर्नरचा मुलगा, धाकटा जॉन विन्थ्रॉप, याने इंग्लंडात भांडवल उभं केलं आणि पहिली भट्टी बोस्टनच्या दक्षिणेला ब्रेंट्रीला घातली. तिथे पाणी अपुरं पडलं, खनिजही. मग नवा व्यवस्थापक रिचर्ड लीडरने जागा बदलली आणि १६४६च्या सुमारास सॉगसचं काम सुरू झालं.

खनिज दलदलीतून खणून काढत. त्यातली वाळू वेगळी करायची तर चुनखडी हवी, आणि ती आसपास नव्हती. म्हणून नाहंटच्या किनाऱ्यावरचा गॅब्रो हा काळा दगड आणला. तो वितळून वाळूशी एकजीव होतो आणि मळी बनून वर तरंगतो; जड लोखंड तळाशी बसतं. ही निवड मला या साऱ्या कारखान्यातली सर्वांत हुशारीची वाटते.

भट्टी सुमारे २१ फूट उंच, टेकाडाला लागून. पुलावरून थेट तिच्या तोंडात लोणारी कोळसा, खनिज आणि गॅब्रो ओतायचे. खाली पाणचक्कीवर दोन भाते आळीपाळीने चालत, म्हणजे वारा तुटत नसे. वारा थांबला की आतला माल थिजून बसतो आणि भट्टी फोडण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणूनच काम रात्रंदिवस चाले.

तळाचं लोखंड वाळूतल्या चरांत सोडत. हे बीड, त्यात कर्ब फार, घणाखाली ठेवलं तर तुकडे होतात. म्हणून दुसऱ्या चुलीवर वाऱ्याच्या झोतात ते पुन्हा वितळवून कर्ब जाळायचा, गोळा पाण्यावर चालणाऱ्या घणाने ठोकून मळी पिळून काढायची आणि पट्ट्या घडवायच्या. पुढच्या गिरणीत रुळांखाली चपटी केलेली पट्टी चिरून खिळ्यांसाठी सळया निघत. लाकडी घरं बांधणाऱ्या वसाहतीला खिळे हवेच होते.

स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईत इंग्रजांनी पकडलेले स्कॉटिश कैदीही १६५०नंतर इथे राबले. पण मजुरी महाग, कर्जं वाढलेली, कोर्टकचेऱ्या मागे लागलेल्या. १६७०च्या सुमारास भट्टी विझली.

१९४८मध्ये रोलंड रॉबिन्स यांनी खोदकाम सुरू केलं. मातीखालून पाणचक्कीचे लाकडी अवशेष निघाले, आणि पाण्यावर चालणाऱ्या त्या घणाचं डोकंही. वजन सुमारे ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलो.