फळ्यावर दोन तारखा

नमस्कार मंडळी. शाळेत शिकवत असाल तर जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास म्हणजे काय ते मी सांगायला नको, पोटात भाकरी, डोळ्यात झोप, आणि वर आपण शिरल्या शिरल्या म्हणतो, "पुस्तकं काढा." झालं, मागचा बेंच तिथंच झोपला.

मी पण कैक वर्षं हेच केलं. मग कुणीतरी म्हणालं सुरुवातीला काहीतरी इंटरेस्टिंग सांगा, म्हणून बल शिकवायच्या आधी कुस्तीचा किस्सा काढला. आता कोल्हापुरात नववीच्या पोरांपुढं कुस्ती काढल्यावर काय होणार, अख्खा तास खासबागेच्या कुस्ती मैदानात गेला आणि न्यूटन बिचारा पुस्तकातच राहिला. किस्सा धड्याच्या पोटातला नव्हता, चूक माझीच.

पुढच्या खेपेला वर्गात गेलो आणि काही न बोलता फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी. सगळे गप्प. मग महाद्वार रोडला राहणारी एक पोरगी म्हणाली, "सर, अंबाबाईचा किरणोत्सव!" बरोबर, त्या सुमाराला मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट देवीपर्यंत जातात. म्हटलं, मग मधल्या दिवसांत का नाही? सूर्य तर रोजच मावळतोय की.

आणि मी तोंड बंद ठेवलं. खरं सांगतो, मास्तर लोकांना हेच सगळ्यात अवघड जातं. कुणी म्हणालं ढग येतात, कुणी म्हणालं थंडीत ऊन कमी पडतं, सगळं फळ्यावर लिहिलं, चुकीचं पण, आणि हात वर करून मतं घेतली, कारण एकदा मत दिलं की पोरगं आपलं उत्तर जिंकतंय का बघायला जागं राहतंय. मग कॅलेंडर दिलं आणि २२ डिसेंबरपासून दोन्हीकडं दिवस मोजायला लावले. मागं ४२, पुढं ४१, जवळपास सारखेच.

"आयला सर, म्हणजे सूर्य तिकडं जाऊन परत येतोय!"

मागच्या बेंचवरनं आलं हे. आयला वर्गात चालत नाही, पण त्या दिवशी मला ऐकूच आलं नाही. मावळायची जागा दक्षिणेकडं सरकते आणि २२ डिसेंबरनंतर माघारी फिरते, हे त्यांनीच काढलं, दक्षिणायन हा शब्द मी नंतर लिहिला.

आता पावसाळ्यात पाण्याचा दाब शिकवायचाय. राधानगरी धरणाचे सात दरवाजे कुणी हात न लावता आपोआप उघडतात, कसे काय? एवढंच विचारणार आणि खुर्चीत बसणार.