खातं उघडण्याआधीचं पान

[पडद्यावर: ब्राउझरची खिडकी. जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्गवरचं सर्व्हरांचं पान. कर्सर हलू लागतो.]

मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कवर पहिल्यांदा आलेला माणूस इथे फॉर्म शोधतो. नाव, ईमेल, पासवर्ड. बाकी सगळीकडे तेवढंच विचारतात, त्यामुळे तो त्याच तयारीने आलेला असतो. या पानावर मात्र आधी प्रश्न येतो, सर्व्हर कोणता? कर्सरकडे लक्ष द्या. पहिल्या कार्डावर थांबला, खाली सरकला, आणखी खाली गेला, परत वर आला. अजून एकही बटण दाबलेलं नाही.

ही यादी हौसेने ठेवलेली नाही. युजेन रोच्को यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन लोकांसमोर आणलं, तेव्हापासून त्याची घडणच अशी आहे. सगळ्यांची खाती एका जागी ठेवणारा डेटाबेस इथे नाही. स्वतंत्र सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. त्यांच्यातली देवाणघेवाण चालते अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम), ज्याला जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने शिफारशीचा दर्जा दिला. खातं कुठल्यातरी एका सर्व्हरवरच उघडतं, आणि पत्त्यातही तो सर्व्हर दिसतो: आधी नाव, मग ॲट, मग सर्व्हर.

समजावताना सगळे ईमेलचा दाखला देतात. दाखला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ईमेल देणारी कंपनी तुमच्या शेजाऱ्यांची पत्रं तुम्हाला दाखवत नाही. इथे सर्व्हरची स्वतःची स्थानिक टाइमलाइन असते, म्हणजे तिथल्याच लोकांच्या पोस्टची यादी, मजकुरावर देखरेख ठेवणारे मॉडरेटर असतात, आणि कोणत्या परक्या सर्व्हरशी संबंध तोडायचे तेही तेच ठरवतात. म्हणजे प्रश्न खरा आहे. फक्त तो अशा माणसाला विचारला जातो, ज्याच्याकडे उत्तर असायचं काही कारणच नाही.

[पडद्यावर: एक कार्ड मोठं होतं.]

एक कार्ड जवळून पाहू. वर चित्र, रुंदी उंचीच्या साधारण दुप्पट. खाली सर्व्हरचा पत्ता, विषय, दोन ओळींचं वर्णन. तळाशी बटण. काही कार्डांवर ‘खातं उघडा’, काहींवर ‘अर्ज करा’. दोन्ही बटणं दिसायला सारखी, आणि फरक मात्र मोठा. पहिल्यात ईमेलची खात्री झाली की खातं सुरू. दुसऱ्यात ‘इथे का यायचंय’ ते जास्तीत जास्त ४२० अक्षरांत लिहून द्यायचं आणि माणसाने मंजुरी देईपर्यंत थांबायचं. किती थांबायचं, ते कार्ड सांगत नाही. ‘मंजुरी लागते’ ही सूचना बटणाच्या वर, वर्णनाइतक्याच मोठ्या अक्षरांत हवी. बटणावरचा शब्द बदलून भागत नाही, कारण बटणावरचे शब्द कुणी वाचत नाही, त्याची जागा पाहतो.

आता डाव्या बाजूचे फिल्टर. प्रदेश, विषय, भाषा, नोंदणीची गती (लगेच की मंजुरीनंतर), आणि सर्व्हर संस्थेचा आहे की व्यक्तीचा. शेवटचा फिल्टर नवख्याच्या काहीच कामाचा नाही, तरी त्याची जागा भाषेच्या फिल्टरइतकीच. आधी भाषा, मग गती, बाकीचे एका घडीत मिटवलेले असावेत. गतीचा फिल्टर तर आधीपासूनच ‘लगेच’वर ठेवावा. ज्याला मंजुरीचा सर्व्हर हवाय तो जाणूनबुजून येतो आणि फिल्टर बदलून घेतो.

[पडद्यावर: फोनवर तेच पान. अंगठा कार्डावर टेकणार, इतक्यात यादी खाली सरकते.]

पुन्हा पाहा, सावकाश. अंगठा खाली येतोय. वरच्या कार्डाचं चित्र आत्ता उतरलं. चित्राची उंची ब्राउझरला आधी सांगितलेली नव्हती, म्हणून त्याने जागा राखली नव्हती. चित्र आलं, खालचं सगळं ढकललं गेलं, आणि अंगठा टेकला तो भलत्याच सर्व्हरच्या बटणावर. त्या माणसाला हे कळलंही नाही. पुढचा फॉर्म त्याने इमानेइतबारे भरला.

उपाय फार अवघड नाही. चित्राची लांबी-रुंदी पानाच्या एचटीएमएल कोडमध्येच लिहायची किंवा मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये प्रमाण बांधून द्यायचं. पडद्याबाहेरची चित्रं आळशी पद्धतीने, म्हणजे जवळ आल्यावरच उतरवायची, पण जागा आधीपासून राखून. फिल्टर बदलल्यावर कार्डांनी नाचत जागा बदलायची नाही. यादी एकदम बदलावी आणि वर ‘इतके सर्व्हर सापडले’ अशी ओळ यावी. पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला ती ओळ ऐकू आली पाहिजे, नाहीतर फिल्टरने काही केलं की नाही हेच त्याला कळत नाही.

[पडद्यावर: टर्मिनल. एका सर्व्हरकडून आलेला जेसन, म्हणजे प्रोग्रामने वाचायच्या साच्यातला मजकूर.]

कार्डावरची माहिती येते ती इथून. प्रत्येक मॅस्टोडॉन सर्व्हर स्वतःबद्दल एका ठरलेल्या पत्त्यावर उत्तर देतो: एपीआय, व्ही२, इन्स्टन्स. नाव, वर्णन, चित्र, नियम, महिन्याभरातले सक्रिय वापरकर्ते, भाषा. आणि नोंदणीच्या खाली दोन महत्त्वाचे हो-नाही: नोंदणी चालू आहे का, आणि मंजुरी लागते का.

गडबड होते ती वेळेची. चालकाने रात्री नोंदणी बंद केली आणि यादीने जुनंच उत्तर साठवून ठेवलं असेल, तर सकाळी बटण तसंच दिसतं. माणूस दाबतो आणि ‘नोंदणी बंद आहे’ या भिंतीवर आदळतो. बहुतेक जण तिथून मागे येऊन दुसरं कार्ड शोधत नाहीत. म्हणून नोंदणीचे हे दोन तपशील बाकी माहितीपेक्षा जास्त वेळा विचारावेत, आणि उत्तरच आलं नाही तर कार्ड लपवावं. उत्तर न देणारा सर्व्हर नवी खाती घेण्याच्या स्थितीत नाही, असंच धरून चालावं.

भाषेच्या रकान्यावरही फार विसंबू नये. तो सर्व्हरच्या आणि चालकांच्या मुख्य भाषेबद्दल सांगतो. तिथे लोक कोणत्या भाषेत लिहितात ते नव्हे.

यादीत नाव येण्यासाठी सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात. २०१९ मध्ये आलेला हा सर्व्हर करार चार गोष्टी मागतो: वंशद्वेष, लिंगद्वेष, समलिंगी आणि पारलिंगी द्वेषाविरुद्ध सक्रिय मॉडरेशन, रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हर हाताळू शकेल असा किमान आणखी एक माणूस, आणि बंद करायचा झाल्यास ३ महिन्यांची आगाऊ सूचना. नवख्यासाठी यादीतली सगळ्यात मोलाची माहिती हीच, आणि ती कार्डांवर दिसत नाही. यादीच्या माथ्यावर एका ओळीत ती सांगितली तर निवडीची धास्ती अर्धी कमी होते: ‘यातला कुठलाही घ्या, एवढं तरी नक्की मिळेल.’

[पडद्यावर: फोनवरचं अधिकृत अ‍ॅप. एक मोठं बटण, खाली एक लहान.]

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलली. मॅस्टोडॉनवर दरमहा सक्रिय असणारे सुमारे ३ लाख होते, ते नोव्हेंबरपर्यंत सुमारे २५ लाख झाले. त्यांतले सगळे टिकले नाहीत. मे २०२३ मध्ये अ‍ॅपने मार्ग बदलला. मोठं बटण थेट मॅस्टोडॉन डॉट सोशल या मॅस्टोडॉनच्याच सर्व्हरवर नेऊ लागलं, आणि ‘दुसरा सर्व्हर निवडा’ हे त्याखाली.

अडखळणं त्याने कमी होतं, यात वाद नाही. पण प्रश्न काढून टाकण्याचा दुसराही मार्ग आहे. ‘खातं उघडा’ हे एकच बटण ठेवा, आणि त्यामागचा सर्व्हर दर वेळी चाळणी लावून निवडा. नोंदणी चालू. मंजुरीची अट नाही. सर्व्हरची मुख्य भाषा ब्राउझरच्या भाषेशी जुळते. करार मान्य केलेला. सॉफ्टवेअरची आवृत्ती ताजी. या चाळणीतून जे उरतील त्यांच्यात नवे लोक वाटून द्या; लहान सर्व्हरला दिवसाची मर्यादा घाला, म्हणजे एका रात्रीत त्याचं कंबरडं मोडणार नाही. निवडलेल्या सर्व्हरचं नाव बटणाखाली स्पष्ट लिहा आणि शेजारी ‘बदला’. हे काम किचकट आहे आणि त्याची रोज देखभाल लागते. विकेंद्रित नेटवर्कच्या पुढच्या दारावर ती व्हायलाच हवी.

देखभाल का लागते ते फेब्रुवारी २०२४ च्या स्पॅमच्या लाटेत दिसलं. नोंदणी उघडी ठेवून सोडून दिलेल्या लहान सर्व्हरांवर धडाधड खाती उघडली गेली. त्यानंतर ४.२.८ आवृत्तीत एक राखण बसवली: आठवडाभर एकही मॉडरेटर आत आला नाही, तर उघडी नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते.

[पडद्यावर: नोंदणीचा फॉर्म. युजरनेमच्या चौकटीत देवनागरी अक्षरं. चौकट लाल होते.]

आता आपण यादी सोडून सर्व्हरच्या स्वतःच्या पानावर आलोय. आधी नियम, ते मान्य केल्यावर फॉर्म.

युजरनेममध्ये चालतात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखा. लांबी ३० अक्षरांपर्यंत. टिंब नाही, आडवी रेघ नाही, देवनागरी नाही. वर दिसणारं नाव मात्र कुठल्याही लिपीत लिहिता येतं, आणि केव्हाही बदलता येतं; युजरनेम बदलत नाही. हा फरक चौकट लाल होण्याआधी सांगायचा असतो. चौकटीच्या खाली, बारीक का होईना, कायम दिसणारी ओळ हवी. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टाइप करायला लागताच नाहीशी होते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा.

फॉर्ममध्ये न दिसणाऱ्या चौकटीही आहेत. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम, सापडावेत म्हणून लावलेले सापळे. माणसाला त्या दिसत नाहीत, बॉट त्या भरतो आणि अडकतो. शिवाय पान उघडल्यापासून ३ सेकंदांच्या आत फॉर्म पाठवला तर तो नाकारला जातो. फॉर्मची रचना बदलताना इथे सांभाळावं लागतं. नाव आपोआप भरणाऱ्या ब्राउझरने लपलेली चौकट भरली, तर खरा माणूस बॉट ठरतो. म्हणून त्या चौकटींवर स्वयंभरण बंद असल्याची खात्री वेगवेगळ्या ब्राउझरांत आणि पासवर्ड मॅनेजरांसह करून पाहायची.

[पडद्यावर: इनबॉक्स. रिकामा. ताजा केला. रिकामाच.]

खात्रीचा ईमेल. इथे सगळ्यात जास्त माणसं गळू शकतात, आणि दोष पानाचा नसतो. मॅस्टोडॉनमध्ये ईमेल पाठवण्याचं काम साइडकिक या पडद्यामागची कामं उरकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रांगांतून चालतं. त्यांतली ‘मेलर्स’ ही एक. सगळ्या रांगा एकाच प्रक्रियेत असतील आणि बाहेरच्या पोस्टचा पूर आला, तर ईमेल मागे तुंबतो. मेलर्ससाठी वेगळी प्रक्रिया चालवली की हा प्रश्न सुटतो. ठरल्या वेळची कामं करणारी ‘शेड्यूलर’ रांग मात्र एकाच प्रक्रियेत ठेवायची, ती दोन ठिकाणी चालवायची नाही. दुसरी तपासणी डोमेनची: ईमेल खरंच त्या डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी बरोबर नसतील तर ईमेल स्पॅममध्ये जातो.

मंजुरीच्या सर्व्हरवर याचा दुहेरी फटका बसतो. ईमेलची खात्री झाल्याशिवाय मॉडरेटरला नव्या अर्जाची सूचनाच जात नाही. अर्जदार मंजुरीची वाट पाहतोय, मॉडरेटरला अर्ज आल्याचं माहीत नाही, आणि लिंक स्पॅममध्ये पडून आहे. ‘इनबॉक्स पाहा’ या पानावर म्हणून दिलेला ईमेल पत्ता मोठ्या अक्षरांत दाखवावा, तिथेच तो दुरुस्त करता यावा आणि पुन्हा पाठवण्याचं बटण असावं.

चुकीचा सर्व्हर निवडला गेला तर? बदलता येतो. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता उपनाम म्हणून नोंदवायचा, मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करायचं. फॉलोअर नव्या खात्याकडे येतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमधून, न्यावी लागते. जुन्या पोस्ट येत नाहीत, आणि पुढचं स्थलांतर ३० दिवस करता येत नाही. नोंदणीच्या पानाने ‘केव्हाही बदला’ एवढंच म्हणून मोकळं होऊ नये. पोस्ट मागे राहतात हे त्याच वाक्यात यावं.

[पडद्यावर: बटण दाबल्यावर पत्त्याच्या पट्टीतला पत्ता बदलतो.]

बदलांचा फायदा किती झाला, ते मोजणं सोपं नाही. बटण दाबताच माणूस दुसऱ्याच्या डोमेनवर जातो. पुढे फॉर्म भरला का, ईमेल उघडला का, हे यादीच्या पानाला कळत नाही, आणि पाळत ठेवून ते कळून घेणंही इथे बसत नाही. उरतं ते माणसाशेजारी बसून पाहणं. त्याला एवढंच सांगायचं, ‘खातं उघडा आणि कुणाला तरी फॉलो करा’, आणि मध्ये बोलायचं नाही.

यादी पूर्ण टाळायचाही एक मार्ग आहे. आधीपासून असलेला सदस्य, त्याला सर्व्हरने परवानगी दिली असेल तर, आमंत्रणाची लिंक बनवू शकतो. मुदत अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत किंवा अमर्याद. किती जणांनी वापरायची तेही ठरवता येतं. नोंदणी बंद असलेल्या सर्व्हरवरही ती लिंक चालते, आणि तसा पर्याय निवडला असेल तर नवं खातं आमंत्रण देणाऱ्याला आपोआप फॉलो करतं, म्हणजे पहिली टाइमलाइन रिकामी राहत नाही. मुखपृष्ठावर या लिंकबद्दल आज एक शब्दही नाही. ‘तुमच्या ओळखीचं कुणी इथे आहे का?’ हा प्रश्न यादीच्या वर टाकायला एक ओळ पुरते.