साथीला मुकलेले वर्ग

श्रोतेहो, नमस्कार. कोरोनाच्या काळात गाण्याचे, नाचाचे आणि नाटकाचे वर्ग एकत्र शिकण्याला कसे मुकले, त्याबद्दल आज बोलायचंय.

10 मार्च 2020 रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट व्हर्नन इथं, एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. 61 जण जमले आणि अडीच तास गायले. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यापैकी 53 जणांना कोरोनाची लागण झाल्याचं निश्चित झालं किंवा तसं मानलं गेलं. दोघं दगावले. गाताना माणूस खोल श्वास घेतो, आवाज लांब फेकतो आणि त्याबरोबर बारीक तुषार हवेत सोडतो. म्हणूनच गाणं आणि फुंकून वाजवायची वाद्यं यांच्यावरचे निर्बंध कडक होते आणि ते लांबलेही. इंग्लंडमध्ये मे 2021 मध्ये बरंच काही खुलं झालं, तरी हौशी गायकांना बंद खोलीत सहापेक्षा जास्त जणांनी एकत्र गायला जुलैपर्यंत मनाई होती. त्या गायकांचा जीव किती तुटला असेल! पण सुरुवातीचे निर्बंध गरजेचेच होते, असं मी आजही म्हणेन.

मग क्लास मोबाइलच्या पडद्यावर आले, आणि तिथं खरी अडचण कळली. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या साथीदाराचा आवाज आपल्यापर्यंत यायला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर कान सांभाळून घेतो, त्यापुढे लय धरणं अवघड होत जातं. व्हिडिओ कॉलवर हाच उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. गुरू टाळी देतात, शिष्य त्या टाळीवर गातो, पण गुरूंना ते मागून ऐकू येतं. त्याला सांभाळायला ते लय जरा खाली घेतात, की शिष्य आणखी मागे! शेवटी एकानं गायचं, दुसऱ्यानं माइक बंद करून ऐकायचं, एवढंच उरलं. गुरूंच्या सुरात सूर मिसळणं गेलं.

त्यात या ॲपना माणसाचं बोलणं ओळखायची सवय. एकसारखा चालणारा तानपुऱ्याचा सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटायचा, आणि ती तो दाबून टाकायची. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सरकत जाणारा आवाज, हळू होत गेली की मध्येच नाहीशी व्हायची. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय असते, हे अनेक शिक्षकांना फार उशिरा कळलं. नाचाच्या वर्गात चेहरा दिसला तर पावलं दिसत नसत. नाटकवाल्यांचं काय सांगावं? समोरच्याच्या नजरेवर ज्यांचा अभिनय उभा राहतो, त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत संवाद म्हटले.

एक चांगली गोष्ट मात्र घडली. मुलं स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून पाठवू लागली. पाठवण्याआधी ती ते ऐकायची, खटकलं तर पुन्हा गायची. ही सवय मोडू देऊ नका.

संशोधकांनीही मार्ग काढले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासातून वाद्यांच्या तोंडाला कापडी आवरण घालणं, अर्धा तास तालीम करून मग खोलीतली हवा बदलू देणं, असे उपाय पुढे आले. तालमी पुन्हा सुरू व्हायला त्यांचा मोठा आधार झाला.

आता वर्ग भरतात, कार्यक्रमही होतात. पण त्या काळात ज्यांनी पहिले धडे घेतले, त्यांच्याबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. ही मुलं एकटी सुरेख गातात. तबला साथीला आला की मात्र आपल्याच तंद्रीत पुढे जातात, कारण दुसऱ्याचं ऐकत गाणं त्यांच्या वाट्याला आलंच नाही. शिक्षकांनो, राहिलेल्या बंदिशी आणि परीक्षा उरकायची घाई नको. रोज पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना एकच सोपी चीज विलंबित, म्हणजे संथ लयीत एकत्र गाऊ द्या. हातानं ताल देऊ नका, मधे थांबवू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण आधी येतं आणि कोण मागून, ते त्यांचं त्यांनाच ऐकू येऊ द्या.